लँडमास्टरला दोन माणसं लागतात

"कुंडलिकभाऊ, जरा पाय द्या."

गिरणीचा पट्टा गरगर फिरतोय, बाजरी अर्धीच उतरलीय, ओट्यावर बाया डबे घेऊन खोळंबल्यात आणि हा तुळशीदास नेमका अशा वेळी हातात लोखंडी हँडल घेऊन दारात उभा. परक्या माणसाला वाटावं, हा पाय काय उसना मागतोय! आमच्या आळीत मात्र शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. तुळशीदासला गाडी चालू करायची होती आणि आत बसून ॲक्सिलरेटर दाबायला माणूस हवा होता.

"रोजचंच झालं राव तुमचं," मी म्हणालो आणि बाजरी संपेपर्यंत त्याला मुद्दाम ताटकळत ठेवलं. तो ओट्याखालीच थांबला. वर या म्हटलं तरी यायचा नाही. उभी नोकरी घोडेगावच्या पंचायत समितीत जीप चालवण्यात गेलेली, म्हणजे निम्मा जन्म साहेबांच्या दाराबाहेर उभं राहण्यात गेलेला. काम असल्याशिवाय कुणाच्या दारात जायचं नाही आणि काम झालं की घुटमळायचं नाही, असा त्याचा खाक्या.

गाडी म्हणजे लँडमास्टर. अँबेसिडरची थोरली बहीण म्हणा. जुन्नरच्या एका डॉक्टरांच्या गोठ्यात पडून होती आणि मागच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या. रिटायर झाल्यावर तुळशीदासनं ती घरी आणली तेव्हा आम्ही पोट धरून हसलो. ती का घेतली, ते पुढं कधीतरी त्याच्या बायकोनं, बायडाबाईनं, माझ्या सारजाबाईला सांगितलं. बायडाबाईचं माहेर तळेघर. एस्टी चुकली की पोर काखेला मारून चालायचं. अशीच एकदा ती रस्त्यानं चालली होती आणि मागून हा जीप घेऊन आला. जीपमध्ये साहेब बसलेले. सरकारी गाडीत बायकोला कशी घेणार? तिच्या अंगावर धुरळा उडवत तो पुढं निघून गेला. त्यावर नवरा-बायको पुन्हा कधी बोलले नाहीत. पण हातात फंड पडला आणि त्यानं आधी गाडी घेतली.

गाडीचा सेल्फ स्टार्टर कधीचाच मेलेला होता. म्हणून पुढून हँडल मारायचं, आणि इंजिननं पकडलं रे पकडलं की आतून ॲक्सिलरेटर दाबून धरायचा, नाहीतर दोन उचक्या देऊन सगळं थंड. ते काम बायडाबाईचं. तिला गाडी चालवता येत नव्हती, पण तिच्या पायाला ते इंजिन बरोबर कळायचं. सकाळी पदर खोचून ती ड्रायव्हरच्या जागी बसायची. तो "धर" म्हणायचा, ती धरायची. गाडी सुरात आली की तो "सरक" म्हणायचा, ती डावीकडं सरकायची. मग पुलापर्यंत एक चक्कर, आणि सणावाराला तळेघर. तिकडं उतारांना काय तोटा, गाडी नुसती सोडली की चालू. अडचण होती ती आमच्या सपाट आळीचीच.

दोन हजार एकच्या उन्हाळ्यात बायडाबाई तापानं गेली. पुण्यानुमोदनाचा विधी झाला, पाहुणे पांगले, प्रज्ञा पुण्याला परत गेली. प्रज्ञा म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, दवाखान्यात नर्स आहे. त्यानंतर एका सकाळी तुळशीदास पहिल्यांदा माझ्या दारात आला. गाडी रोज चालू केली न्हाई तर मरती, एवढंच म्हणाला.

तेव्हापासून आख्ख्या आळीचे पाय त्या गाडीला लागले. कधी मी, कधी पोस्टमन, कधी समोरची ठमाबाई. ठमाबाई एकदा दाबायला लागली की सोडायचीच नाही, इंजिन नुसतं बोंबलत राहायचं. माझ्या पायाला पीठ असायचं, तेही पेडलवर जायचं. डाव्या सीटवर बायडाबाईची गोधडी घडी करून ठेवलेली होती. ती कुणी हलवली नाही, आणि तिथं बसायचं आमच्यातल्या कुणाच्या मनातही आलं नाही.

त्या गाडीपायी त्यानं काय काय खटाटोप करावेत! पेट्रोलची टाकी झिरपायला लागली की धुण्याचा साबण चोळून भोक बुजवायचा. ब्रेकचे रबर कुठल्या तरी टेम्पोचे, कानस मारून बसवलेले. रस्त्यावर भीमाशंकरला जाणाऱ्या क्वालिस आणि सुमो मागून हॉर्न मारून जीव नकोसा करायच्या, आणि हा बाबा खिडकीतून हात बाहेर काढून शांतपणे त्यांना पुढं काढायचा. पण खरं सांगतो, गाडी हे निमित्त होतं. हँडल पुसता पुसता तो चार शब्द बोलायचा. काल काय शिजवलं, गिरणीवर प्रज्ञाचा फोन आला का, गुडघा कसा ठणकतोय. दिवसभरात तो बोलायचा ते तेवढंच.

मग दोन हजार तीन साली, एका बाजारच्या दिवशी, आम्ही सगळे बाजारात असताना त्यानं एकट्यानंच हँडल मारलं. इंजिननं उलटा झटका दिला आणि मनगट मोडलं. प्रज्ञा धावत आली. बापाचा प्लास्टरमधला हात बघून रडली, मग चिडली. जावयानं पुण्याच्या जुन्या बाजारात शोधशोध शोधून सेल्फ मिळवला, मंचरचा इलेक्ट्रिशियन येऊन तो बसवून गेला. प्लास्टर निघालं तेव्हा प्रज्ञानं स्वतः बापाच्या हातात किल्ली दिली. सगळी आळी जमली होती. किल्ली फिरवली आणि गाडी एका दमात चालू झाली.

"आता कुणाच्या दारात जायला नको, दादा," प्रज्ञा म्हणाली. बापाला ती दादाच म्हणायची.

"व्हय," तुळशीदास म्हणाला. "लई ब्येस झालं."

मलाही बेस झालं असंच वाटलं. चला, सुटलो एकदाचे.

पुढं रोज सकाळी त्याच्या दारात गाडी चालू झाल्याचा आवाज यायचा, गिरणीवरून पुढं जायचा, थोड्या वेळानं परत यायचा. बस. महिनाभर त्याचा माझा एक शब्द झाला नाही. एकदा तो गिरणीपाशी आला. हातात ना डबा, ना पिशवी. ओट्याखाली उभा राहिला. गर्दी हाय का, म्हणाला. हाय की, मी म्हणालो. मी पुढचा डबा ओतायला घेतला. जाताना त्यानं ओट्यावर सांडलेलं पीठ हातानं गोळा करून ठेवलं, उगीचच. तो गेला आणि मला फार वाईट वाटलं. म्हणलं जावं एकदा त्याच्याकडं. पण गिरणी सोडून कुठं जाणार, आणि जाऊन तरी काय काम सांगणार? मीही त्याच्यातलाच निघालो.

आणि परवा, दिवाळी झाल्यावर, दारात पुन्हा तो. हातात हँडल.

"कुंडलिकभाऊ, सेल्फ गेला. जरा पाय द्या."

डबे तसेच सोडून मी निघालो. तेल बघायला त्यानं बॉनेट उघडं ठेवलं होतं. मी सहज आत वाकलो. गिरणीची मोटर मी माझ्या हातानं सोडतो-बांधतो. तुटलेली वायर कुठली आणि सोडलेली कुठली, एवढं मला कळतं. सेल्फची जाड वायर नट काढून सोडवलेली होती. तिच्या टोकाला काळी पट्टी अगदी निगुतीनं गुंडाळून, सुतळीनं ती बाजूला बांधून ठेवली होती. नट मडगार्डवर फडक्यात ठेवलेला होता.

मी वर पाहिलं. तुळशीदास माझ्याकडं बघत नव्हता. हँडल पुसत होता.

"बंदच पडला म्हणा की," मी म्हणालो.

"बंदच पडला."

मी आत बसलो. गोधडी डावीकडं होती तशीच होती. त्यानं हँडल मारलं, "धरा" म्हणाला, मी धरलं. गाडी सुरात आली. एरवी मी लगेच उडी मारून पळायचो. त्या दिवशी थोडा वेळ तसाच पाय दाबून बसलो, आणि त्यानंही सोडा म्हटलं नाही. बॉनेटवर हात ठेवून तो उभा होता. मग मी उतरलो, तो बसला आणि एकटाच पुलाकडं गेला.

आज सकाळी गिरणीवर प्रज्ञाचा फोन आला. त्याच्याकडं फोन नाही, म्हणून ती माझ्याकडंच करते. काका, दादा बरे आहेत ना, सेल्फ नीट चालतोय ना, विचारत होती. दारातून मला आळीच्या टोकापर्यंत दिसतं. हँडल खांद्यावर टाकून तुळशीदास हळूहळू येत होता.

"न्हाई गं पोरी," मी म्हणालो. "सेल्फ बंद हाय. पार्ट मिळंना कुठं."

फोन ठेवला, गिरणी थांबवली आणि पायाचं पीठ झटकलं.