कोल्ट अजून घरी आला नाही

आमच्या मैदानावर मला सगळ्यांत जास्त किळस कशाची येत असेल, तर ती कोच डर्विन टॅगर्टच्या बाटलीची. खालच्या ओठाआड तंबाखू दाबायची आणि पोरांना ओरडता ओरडता मधूनच त्या प्लास्टिकच्या बाटलीत पिंक सोडायची, ही त्याची रीत. अलाबामाच्या उन्हात ते तपकिरी पाणी बाटलीत हिंदकळत असतं. बाकावर बसलेली त्याच्या टीममधली पाच-पाच वर्षांची पोरं सूर्यफुलाच्या बिया चघळतात आणि टरफलं अगदी त्याच्यासारखा ओठ वाकडा करून थुंकतात. बाकाखाली त्या ओल्या टरफलांचा थर साचतो, त्यात कुणाच्या तरी ज्यूसचा चिकटा, त्यावर माश्या. सामना संपल्यावर झाडू मी मारते.

मी जन्मभर शाळेची बस चालवली. निवृत्त झाले तशी चर्चमधल्या बायकांनी ही चिमुरड्यांची बेसबॉल लीग माझ्या गळ्यात घातली. मी आनंदाने घालून घेतली. या वयात चेंडू कुणी टाकत नाही. कमरेएवढ्या रबरी दांड्यावर तो ठेवायचा आणि पोरानं बॅटनं टोलवायचा. कुणी बाद होत नाही. बेस तीन, म्हणजे पळायच्या वाटेवरचे रबरी चौकोन. एका फटक्याला एकच गाठायचा, मग पुढच्या पोराची वाट बघत तिथंच उभं राहायचं. गुण कुणी मोजत नाही. आणि सगळ्यांत गोड गोष्ट शेवटच्या पोराची. त्यानं चेंडू मारला की कुणी थांबायचंच नाही. जो जिथं असेल तिथून पळत सुटायचं आणि सगळ्यांनी घरी यायचं. जिथून चेंडू मारायचा त्या होम प्लेटला आम्ही घरच म्हणतो. पहिल्यांदा हे बघितलं तेव्हा मला आमच्या रेव्हरंड गेन्सचं प्रवचन आठवलं. ते सुरुवातीला नुसतं बोलतात, मग शब्द हळूच सुरात शिरतो, आणि शेवटी अख्खी सभा उभी राहून गात असते, मागे कुणी उरत नाही. तसंच हे. म्हणून शेवटचा मान दर शनिवारी वेगळ्या पोराला, असा आमचा रिवाज.

डर्विनच्या टीममध्ये तो मान दर शनिवारी एकाच पोराला मिळायचा. त्याच्या मुलाला, कोल्टला.

"या वेळी राहू दे, मिस व्हर्लीन," तो म्हणायचा. "पोरगा फॉर्मात आहे. पुढच्या शनिवारी देतो ना दुसऱ्याला."

पाच वर्षांचं पोर फॉर्मात! त्याच्या बुटाची नाडी अजून मी बांधते.

चर्चचे वडीलधारे मला समजवायचे, "सिस्टर व्हर्लीन, जरा दमानं घ्या. गवत त्याचा ट्रॅक्टर कापतो. बेस त्याचे, दांडा त्याचा. तो रुसला तर मैदानावर गुडघाभर रान माजेल." मैदानाच्या गवतासाठी माणसं काय काय गिळतात!

त्या टीममध्ये ओडेसा नावाची एक मुलगी. हेल्मेट घातलं की नाकापर्यंत झाकली जायची. दर शनिवारी येऊन माझा सदरा ओढायची, "मिस व्हर्लीन, माझा शेवट कधी?" तिचा बाप ल्यूथर लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, आज टेक्सास, उद्या ओहायो. त्यानं पोरीला शब्द दिला होता, सीझनच्या शेवटच्या शनिवारी मी तिथं असेन, तू सगळ्यांना घरी आणताना बघेन. मीही डर्विनकडून वदवून घेतलं होतं. शेवटचा शनिवार ओडेसाचा.

तो शनिवार उजाडला. ल्यूथर रात्रभर गाडी चालवून आला होता. डोळे तांबारलेले, पण सदरा इस्त्रीचा. मागचा मालाचा डबा सोडून ट्रकचं नुसतं मुंडकं कुंपणाबाहेर लावून तो जाळीला नाक लावून उभा राहिला.

शेवटची पाळी डर्विनच्या टीमची. बघते तर ओडेसा सगळ्यांत पुढे, बॅट घेऊन उभी. ओठ थरथरतायत. आणि रांगेच्या शेपटाला कोल्ट.

मी बाकापाशी गेले. "डर्विन, हे काय?"

"शू!" त्यानं माझा दंड धरून मला बाजूला घेतलं. तोंडाला तंबाखूचा तो गोडसर कुबट वास. "नाहीतर आपण एकानं मागे राहू."

"एकानं काय?"

"एका रननं! घरी आलेलं पोर म्हणजे एक रन, मोजतोय ना मी. त्या हिरव्या सदऱ्यांच्या टीमच्या पुढे जायचं तर शेवटचा फटका कोल्टचाच हवा. ही पोरगी चेंडू सोडून दांड्यालाच मारते."

मला खरंच शिसारी आली. जिथं मोजायचं काही नाही, तिथंही हा माणूस खिशात हात घालून बोटांवर मोजत बसला होता; सबंध सीझन, पोरांच्या खेळावर.

"ओडेसा, बाळ, तू मागे जा," मी म्हटलं. "कोल्ट, तू तिच्या पुढे ये."

दोघंही निमूट हलली. त्या वयात पोरांना कुठं उभं राहायचं ते सांगितलं की पुरतं. डर्विननं नुसती पिंक टाकली. मला वाटलं, मिटलं.

एकेक पोर मारून गेलं. कुणी बेसवर बसून मातीत बोट घालत होतं, कुणी फुलपाखराकडे बघत होतं. कोल्टनं झकास फटका मारला आणि पहिल्या बेसवर जाऊन दोन्ही पाय जुळवून उभा राहिला. मग ओडेसा आली. ल्यूथरनं टोपी काढून छातीशी धरली.

आणि डर्विन मैदानात आला. दांड्यावरचा चेंडू काढून खिशात टाकला. दांडा उपटला, काखेत मारला.

"दांडा माझा आहे," तो म्हणाला. "बेसही माझे. तुम्हाला तुमच्या पद्धतीनं खेळायचं ना? खुशाल खेळा."

तिसरा बेस उचलला. दुसरा उचलला. पहिल्यावर कोल्ट उभा होता. "सरक!" म्हणून त्यानं पोटच्या पोराच्या पायाखालून तो रबरी चौकोन ओढला. पोरगं मातीत बसलं. त्याला बखोटीला धरून हा पिकअपकडे निघाला.

मला मग राहवलं नाही. "डर्विन टॅगर्ट! अरे, बसमध्ये तू माझ्या सीटमागे बसायचास. भिजवलेली चड्डी कुणाला दिसू नये म्हणून माझा स्वेटर कमरेला बांधून मी तुला घरी सोडलंय! कुणाला सांगितलं का मी?"

"आत्ता सांगितलंत की!" मागून कुणीतरी म्हणालं. लोक हसले.

"कुणी मोजलं का तुला तेव्हा? कुणी म्हटलं का, हा एकानं मागे आहे?" रागात माझा आवाज चढला, आणि चढता चढता कसा कोण जाणे, सुरात गेला. चर्चच्या बायका त्याचीच वाट बघत असल्यासारख्या, "सांगा, सिस्टर, सांगा!" "आमेन!" एकीनं तर टाळीही धरली. मी गातच विचारलं, "या लेकराच्या पायाखालची जागा काढून तू नेणार कुठं रे?"

डर्विननं पिकअपचं दार धाडकन लावलं. गाडी मात्र सुरू केली नाही. आम्ही कसं अडतो ते बघायला बसला असणार.

आम्ही अडलो नाही. माझ्या गाडीत चर्चचे पुठ्ठ्याचे हातपंखे होते, तेच बेस म्हणून मांडले आणि वाऱ्यानं उडू नयेत म्हणून बायकांनी त्यांवर आपापल्या चपला ठेवल्या. ल्यूथरनं ट्रकमधून रस्त्यावर ठेवायचा नारिंगी शंकू आणला. हिरव्या टीमच्या कोचनं त्याच्या टोकावर आपला चेंडू बसवला. पोरांना यातलं काही वावगं वाटलं नाही. ती पुन्हा आपापल्या जागी जाऊन माती उकरू लागली.

ओडेसानं पहिला फटका शंकूला मारला. दुसराही. तिसऱ्याला चेंडू घरंगळला, जेमतेम आपल्या सावलीबाहेर गेला.

"पळ!" ल्यूथर ओरडला, आणि सगळं मैदान पळत सुटलं. चपला उडाल्या. मैदानात चेंडू अडवायला उभी असलेली हिरवी पोरंही यांच्याबरोबर पळू लागली. त्यांनाही घरी यायचं होतं. ओडेसा हेल्मेट सावरत सगळ्यांच्या मागून येत होती. आणि घराच्या अगदी तोंडाशी येऊन थांबली.

"ये ना, बाळ!" मी म्हटलं. "पाय ठेव!"

तिनं मान हलवली. "कोल्ट अजून घरी आला नाही."

"तो गेला, सोन्या."

"नाही. तो पहिल्या बेसवर होता. मी शेवटची आहे. सगळे आल्याशिवाय मी कशी येऊ?"

तिचं बरोबर होतं. रिवाज आमचाच, आणि तो पाळणारी तेवढी एकच उरली होती. सगळे पिकअपकडे बघू लागले. काचेला कोल्टचं नाक चपटं झालं होतं.

मग दार उघडलं. डर्विन खाली उतरला, पलीकडे गेला, पोराला उतरवलं. त्याच्या पाठीवर हात ठेवून पुढे ढकललं. कोल्ट पहिल्या पंख्यावर जाऊन उभा राहिला, पाय जुळवले, आणि मग जो सुटला! दुसरा, तिसरा, आणि ओडेसाचा हात पकडून दोघंही एकदमच घरात. ल्यूथर रडत होता, नाक पुसत होता आणि टोपी कुठं पडली ते शोधत होता. मनात म्हटलं, देवा, तू या ठोंब्याच्याही काळजाला हात घातलास. डर्विनकडे मी हात पसरून दोन पावलं गेलेसुद्धा.

त्याचे ओठ हलत होते. बोटं खिशात हलत होती. एकदम त्याचा चेहरा खुलला.

"कोल्टचा धरून," तो मोठ्यानं म्हणाला, "आपण एकानं पुढे!"

मी हात खाली घेतले.

तो पोराला खांद्यावरून पिकअपपर्यंत नेऊन, दांडा नि बेस घेऊन, विजयी होऊन घरी गेला. पुढच्या वर्षी गवत कोण कापणार, देव जाणे. ल्यूथर म्हणालाय, त्याच्या भावाकडे मशीन आहे. लोक पांगले तशी मी झाडू घेतला. टरफलं लोटली. बाकाच्या कोपऱ्यात त्याची बाटली तशीच होती, निम्मी भरलेली, बूच उघडं. नाकाला पदरासारखा सदरा लावून मी दोन बोटांनी ती उचलली, हात होईल तेवढा लांब धरला आणि कचऱ्याच्या पिंपाकडे चालत गेले. वाटेत ती माझ्या बुटावर सांडली.