दुधीची साखर उतरते तेव्हा

जागतिक मधुमेह दिनाच्या सकाळी कामोठ्यातल्या आमच्या सोसायटीचा हॉल अनवाणी माणसांनी भरला होता. प्रत्येकापुढे प्लास्टिकचा टब, टबात कोमट मिठाचं पाणी आणि पाण्यात वायर जोडलेली एक डबी. पाय बुडवायचे, डोळे मिटायचे. मग शिबिर घेणारे सत्यजीत गुरुजी मंत्र म्हणत आणि बटण दाबत. बटणाशिवाय मंत्राला गुण येत नसे, पण तेव्हा ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोड्या वेळात पाणी तांबूस व्हायचं, मग तपकिरी. वर फेस.

"बघा, साखर बाहेर पडतेय! जगात ऐंशी कोटी मधुमेही, पेपरात वाचलंत ना? का? त्यांना हा टब मिळाला नाही!"

बातमी खरी होती. टाळ्या पडल्या.

जुन्या गावातले दाजी पहिल्या रांगेत होते. कित्येक वर्षं इन्सुलिन घेत होते. आपल्या टबातलं काळपट पाणी बघून त्यांनी विचारलं, "गुरुजी, आता सुई घ्याची का नाय?"

"विष निघालं. आता सुई कशाला?"

दाजींनी सुई बंद केली. त्यांची सून मनिषा विज्ञानाची शिकवणी घेते. ती विनवून थकली, भांडली, दाजी ऐकेनात. दोन-तीन दिवसांत उलट्या, धाप, बोलणं असंबद्ध. त्यांना पनवेलच्या रुग्णालयात थेट अतिदक्षता विभागात ठेवावं लागलं.

रविवारी लोकाग्रहास्तव पुन्हा शिबिर होतं. मनिषा रुग्णालयातून सरळ हॉलमध्ये आली. पिशवीतून दोन दुधी काढून तिने पाणी भरून ठेवलेल्या एका टबात शेजारी-शेजारी उभे केले.

"ताई, हे काय?"

"पेशंट आहेत. म्हणा मंत्र."

"यांची श्रद्धा नाही," गुरुजी म्हणाले.

मनिषाने स्वतःच बटण दाबलं. पाणी तांबूस झालं, तपकिरी झालं, फेसही आला.

"अगं बाई, दुधीची पण उतरली!" मागून एक बाई म्हणाली.

मनिषाने वीज बंद केली, डबी उघडली आणि आतल्या गंजक्या पट्ट्या सगळ्यांना दाखवल्या. "लोखंड, मीठ आणि वीज. पट्टी झिजते, तिचा गंज पाण्यात उतरतो. माणूस बसवा, दुधी ठेवा, नाहीतर नुसतं पाणी ठेवा, रंग हाच येणार. साखर रक्तात असते. ती रक्त तपासूनच कळते."

गुरुजींना अचानक उरणचं शिबिर आठवलं. सोसायटीवाल्यांनी पोलीस येईपर्यंत त्यांना बसवून ठेवलं आणि टब त्यांच्याकडूनच रिकामे करून घेतले.

दाजी वाचले. मी भेटायला गेलो तेव्हा विचारलं, "दाजी, तुम्हाला खरंच पटलं होतं?"

"नाय रं. पन किती वर्सं टोचून घ्याचा? कुनीतरी बस झाला म्हनला. मना बरा वाटला."

मला हसू आलं नाही. सुईचा कंटाळा खराच असतो. तो डॉक्टरांना सांगावा, घरच्यांना सांगावा, त्यावर काही वाट निघते. पण औषध सोडा म्हणणारा कुणी भेटला, मग तो भगव्यात असो की पांढऱ्या कोटात, त्याला आधी एवढंच विचारा: पाय न बुडवता दाखवता का?