प्याल्याची रांग

रविवारी सकाळी चंद्राबाईनं इस्पितळातल्या चादरी धुऊन वाळत घातल्या आणि कंबर धरून ती पायरीवर टेकली. नऊची उपासना गाठायची होती. सन अठ्ठावन्नची गोष्ट. यशवंतपूरला रेल्वेतल्या आणि कारखान्यांतल्या मराठी ख्रिस्ती कुटुंबांची मंडळी शाळेच्या एका खोलीत जमत असे.

बेळगावकडची ही माणसं स्वतःला एका पित्याची लेकरं म्हणवत. पण प्रभुभोजनात, म्हणजे ख्रिस्ताच्या आठवणीत सगळ्यांनी एकाच प्याल्यातून द्राक्षारस घ्यायच्या विधीत, चंद्राबाईच्या जातीनं प्याल्याला सर्वांच्या मागून ओठ लावायचा, हा गावचा रिवाज त्यांच्या सामानासोबत इथंही आला होता. बारा वर्षं ती शेवटी उभी राहत आली. आज तिची पंधरा वर्षांची प्रेमा पहिल्यांदाच प्रभुभोजन घेणार होती.

दारातच तिनं मंडळीचे पंच उमाजीराव यांना गाठलं. "अण्णा, प्रेमाला बाकीच्या पोरींसंगं पुढं घ्या. मी ऱ्हाते मागं."

उमाजीराव दुष्ट नव्हते. प्रेमाला शाळेत घालायला तेच गेले होते. ते हळूच म्हणाले, "स्वल्प धीर धर. योग्यता काय एका दिवसात येते?"

"मग किती दिवसांत येते, अण्णा?"

ते आत गेले.

प्याल्याआधीची प्रार्थना नेहमीप्रमाणे त्यांनीच केली. "प्रभो, आमच्यापाशी पुण्य नाही. आमच्या चांगुलपणाच्या भरवशावर नव्हे, तुझ्या दयेच्या भरवशावर आम्ही आलो आहोत."

सगळे "आमेन" म्हणाले. चंद्राबाईही म्हणाली. मग प्रेमाचा हात धरून ती जड पायांनी पुढं गेली आणि दोघी सर्वांच्या आधी गुडघे टेकून बसल्या.

"चंद्राबाई, मागं जा," उमाजीराव कुजबुजले.

"आत्ताच तुमी देवाकडं काय मागितलं?" तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता थकवा होता. "मी बी तेच मागाय आले. माझ्याजवळ बी दुसरं काई न्हाई."

मंडळीचे धर्मगुरू, पाळक आप्पाजी, प्याला धरून उभे होते. बारा वर्षं हा रिवाज त्यांच्याच हातांनी पाळला गेला होता. त्यांनी प्याला आधी प्रेमाच्या, मग चंद्राबाईच्या ओठांना लावला. मग ते थांबले. पुढं कुणीच आलं नाही. माणसं उठून बाहेर जाऊ लागली; एक बाक रिकामा झाला, मग दुसरा. उमाजीरावांना पुढंही येववेना, बाहेरही जाववेना.

"आई, माझं काय चुकलं?" प्रेमाचे डोळे भरून आले.

उत्तर आप्पाजींनी दिलं. "तुझं नाही, बाळ. माझं चुकलं." ते उरलेल्या लोकांकडे वळले. "पुढच्या महिन्यातही प्याला या दोघींपासूनच सुरू होईल. मी एकटा उरलो तरी."

वाचकहो, देवाची दया मागून झाल्यावर ती शेजारणीच्या मागून घ्यायला माणसं तयार नव्हती. त्या खोलीत तुम्ही असता, तर त्यांच्या मागून प्याला घ्यायला पुढं आला असता का?