हद्द माझ्या डोक्यावर आली

मी एक जुना हापसा आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवतो, माझा सूर गोड नाय. गोड पाहिजे असंल तर गुऱ्हाळावर जा. घशातली साखळी तुटलेली, आणि दोन ऑफिसं मला एकमेकाच्या अंगावर ढकलायला लागलेली. अशात उन्हाळा काढलेल्याचं डोकं थंड कसं राहील?

संभाजीनगरहून जालना रोडनं करमाडकडं निघालं की एक फाटा आत वळतो. तिथं नाल्याच्या काठाला आमची वाडी. जमिनीला खोल भोक पाडून, नळ्या सोडून, खाली सिमेंटचा ओटा घालून मला उभं केलं, तेव्हा बायांनी माझ्या दांड्याला हळदकुंकू लावलं. पहिलं पाणी गढूळ आलं, मग लालसर, मग असं निवळ की त्यात तोंड दिसावं. पहिला हंडा दगडाबाईनं भरला. तिचं कडूबाशी नुकतंच लग्न झालेलं. मेंढरांवाला कडूबा. तिनं नवऱ्याच्या मागं लागून माझ्या ओट्याशेजारी मेंढरांना प्यायला दगडाची डोण बसवून घेतली. माणसाचं सांडलेलं पाणी डोणीत, डोणीतलं मेंढरांच्या पोटात. वाया थेंब नाय.

लई वर्षं राबलो. पोरं दांड्याला लोंबकळायची, म्हाताऱ्या त्यांना हाणायच्या. फाट्यावरचे टेम्पोवालेबी बाटल्या भरून न्यायचे. काय बिघडलं की पंचायतीकडून धम्मपाल यायचा. हापसे दुरुस्त करणं हेच त्याचं काम. माझं डोकं उघडायचा, वायसर बदलायचा, साखळीला ग्रीस लावायचा आणि जाताना पाठीवर थाप मारायचा. "माझ्या पोराच्या लग्नातबी तूच पाणी पाजणार," म्हणायचा. कामाची किंमत असलेली माणसं होती तवा.

मग शहर पसरत पसरत आमच्या दारात आलं. नाल्याच्या पलीकडची जमीन शहराच्या हद्दीत गेली, अलीकडची गावाला राहिली. मी अलीकडं. जुन्या कायद्यानं हद्द लिहिली ती अशी: नाला. बस, एवढंच. लिहिणाऱ्याला वाटलं असंल, नाला काय उठून चालत जातो व्हय?

गेला ना. पलीकडं एका प्लॉटवाल्यानं प्लॉट पाडले. नाल्याला वळण होतं, त्याला तो सरळ पाहिजे होता. त्यानं जेसीबी आणला. आणि आमचा शहाणा कडूबा त्या ड्रायव्हरला चहा घेऊन गेला.

"पोरा, माझी मेंढरं बसत्यात तिथं पावसाळ्यात पाणी घुसतं," तो म्हणाला. "जरा मागनं घाल की नाला. हापशाच्या मागनं."

ड्रायव्हरनं चहा पिला आणि घातला मागनं. जुना नाला मुरूम टाकून बुजवला. सरपंच कारभारीनं नारळ फोडला, सगळ्यांनी खोबरं खाल्लं. मी जागचा हललो नाय, पण त्या दिवशी गावातून उठून शहरात गेलो. कुणाच्या ध्यानात आलं? कुणाच्याच नाय.

ध्यानात आलं यंदाच्या उन्हाळ्यात, साखळी तुटली तवा. धम्मपाल आला, पण गाडी नव्या नाल्यापाशीच थांबवली.

"मावशी, हद्द नाला हाय," तो दगडाबाईला म्हणाला. "नाला इकडं आला म्हंजे हापसा शहराचा. मी पाना लावला तर उद्या मलाच विचारत्याल."

कारभारी शहरवाल्यांकडं गेला. ते म्हणाले, "आमची हद्द ठरली तेव्हा नाला जुन्या जागी होता. त्या हिशोबानं हापसा तुमचाच." दोघंबी कायद्यानं बरोबर, आणि माझ्या घशाला कोरड.

"आखाडात मरीआईचा गाडा ढकलत्यात तसं चाललंय ह्यांचं," दगडाबाई म्हणाली. "ह्या गावानं त्या गावाच्या शिवंवर सोडायचा, त्यानं पुढच्याच्या. पण त्या गाड्याला निदान निवद तरी मिळतो."

तिचा जीव उगाच जळत नव्हता, मित्रांनो. मेंढ्या नुकत्याच व्यालेल्या. पाण्याची दुसरी जागा म्हंजे डोंगराकडची विहीर. मोठी मेंढरं तिथवर जातील, पण तिचंबी पाणी तळाला गेलेलं, आणि पायात बळ नसलेली कोकरं कुठं जाणार? टँकर यायचा, पण माणसापुरता. कडूबानं सांगून टाकलं होतं, "हापसा चालू झाला तर कळप राहील. नाय तर व्यापाऱ्याला बोलावतो. डोळ्यादेखत तहानेनं मारायची नाय मला."

आणि मग बातमी आली की राज्यानं कायदाच बदलला. आता नाला, बांध, झाड असलं हलणारं काय हद्द म्हणून धरायचं नाय. पक्की खूण धरायची. आणि ज्याच्याकडं जमीन, त्यानंच तिथला नळ, हापसा, रस्ता सांभाळायचा. कारभारी म्हणाला, "बघा, आता सुतासारखं सरळ होतंय." मलाबी वाटलं. चांगला कायदा होता, मी खोटं कशाला बोलू?

मोजणीचे साहेब आले. तीन पायांवर यंत्र उभं केलं. दोन्हीकडची माणसं, सगळी वाडी गोळा. जुना नाला कुठनं जायचा ते सगळ्यांनी एकदमच सांगितलं.

"एक एक जण बोला," साहेब म्हणाले. "आणि मला जवळची एखादी पक्की खूण दाखवा. कधीच न हललेली."

कडूबा गर्दीतून पुढं घुसला. छाती ही एवढी. "हा हापसा बगा साहेब. माझ्या लग्नाच्या साली बसला. पूर आला, वादळ आलं, केसभर सरकला नाय."

खरं सांगतो, मीबी फुगलो. किती वर्षांनी कुणी चांगलं बोललं होतं माझ्याबद्दल.

साहेबांनी माझ्या डोक्यावर बोटानं ठोकून बघितलं आणि मान हलवली. मग त्यांच्या माणसानं तांबड्या रंगानं फुली मारली, आकडा टाकला आणि खाली लिहिलं: हद्दीची खूण. हात लावू नये.

दगडाबाईनं विचारलं, "म्हंजे साहेब, आता हा कुणाचा?"

"आता हीच हद्द आहे, मावशी. हद्द दोघांची असते."

"मग दोघं मिळून साखळी टाका."

"खूण उघडायची तर दोन्ही ऑफिसांची परवानगी लागेल."

"कवा मिळंल?"

"कायदा नवीन आहे. त्याचे नियम अजून यायचेत."

साहेब यंत्र गुंडाळून गेले. दगडाबाई नवऱ्याकडं बघून एवढंच म्हणाली, "कर अजून तारीफ." कडूबानं खाली बघितलं. तो बिचारा मेंढरं ओळखणारा माणूस, त्याला काय ठाऊक की चांगलं बोलल्यानंबी हापसा अडकून पडतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याचा टेम्पो आला. अर्धा कळप चढवला. कोकरंवाल्या मेंढ्या तेवढ्या मागं ठेवल्या, त्यांच्यासाठी परत येतो, व्यापारी म्हणाला. टेम्पो फाट्याकडं वळतोय, तेवढ्यात धम्मपालची गाडी समोरून आली. दुसऱ्या वाडीला चालला होता. ह्या टायमाला तो नाल्यापाशी थांबला नाय, सरळ ओट्याजवळ आला. माझ्याकडं बघितलं, कोकरांकडं बघितलं.

"मावशी, हात लावू नये लिहिलंय," तो म्हणाला. "मला वाचता येतं, हीच पंचाईत."

दगडाबाईनं कडूबाच्या खांद्यावरचं घोंगडं ओढलं आणि माझ्या डोक्यावर टाकलं. फुली गेली, आकडा गेला, सगळंच गेलं.

"आता वाच काय लिहिलंय."

धम्मपालनं वाकून बघितल्यासारखं केलं. "घोंगडं दिसतंय."

"मग काढ पाना."

घोंगड्याखाली हात घालून त्यानं चाचपत माझे नट सोडले. नवी साखळी टाकली. कडूबा दांड्याला भिडला. मी खोकलो, तांबडं ओकलो, आणि मग आलं पाणी. कोकरं डोणीवर पडली, एकमेकाच्या अंगावर चढून प्यायली. पण डोणीचं अर्धं टोक रिकामंच राहिलं. तिथं पिणारी मेंढरं तवर फाटा ओलांडून गेली होती. कडूबा दांडा मारायचा थांबंचना. दगडाबाईनं त्याचा हात धरला तवा थांबला.

मित्रांनो, हद्दी बदला, कायदे बदला, माझी हरकत नाय. गावं वाढत्यात, रेघा सरकणारच. पण रेघ मारायच्या आधी माझ्यापाशी या, दांडा मारा, आणि पाण्यावर कोण कोण येतंय ते उभं राहून बघा. आणि बिघडलं असंल तर आधी दुरुस्त करा, मी कुणाचा ते मागनं भांडा. फक्त टेम्पो भरायच्या आधी या.