झडपेच्या अलीकडे

सुनेने तिसरी बादली भरली आणि नाकावरचा रुमाल आणखी घट्ट बांधला. तळघरात पाऊल बुडेल एवढी घाण साचली होती. काळपट, तेलकट, मध्ये विष्ठेचे गोळे आणि भिजून लगदा झालेला कागद. सासऱ्यांच्या पलंगाचे पाय त्यात होते, घड्याळदुरुस्तीच्या टेबलाचेही. किळसेने अंगावर काटा येत होता, पण ती ओकली नाही. रागापुढे ओकायलाही फुरसत नव्हती.

शहराची जुनी गटारं जोराचा पाऊस झाला की उलटी फिरत. म्हणून तर गेल्या वर्षी पाइपात झडप बसवली होती. बाहेरून लोंढा आला की ती आपोआप मिटायची. मग आज हे कसं? म्हाताऱ्याने काहीतरी उघडं ठेवलं असणार, असं म्हणून तिने सकाळीच सासऱ्यांच्या माथी खापर फोडून टाकलं होतं. नवऱ्याने तिची री ओढली आणि बहिणीला फोन लावला. दुपारी नणंद येऊन वडिलांना कायमचं घेऊन जाणार होती.  सासरे त्या घाणीत हात घालून घड्याळांचे सुटे भाग चाचपत राहिले.

बोलावलेल्या प्लंबरने पाइपावरचं झाकण काढून आत टॉर्च मारला.

"झडप ठणठणीत आहे. गटाराचा थेंब आत आलेला नाही."

"मग हे काय अत्तर आहे?"

"तुमच्याच घरचं आहे, ताई. झडप मिटल्यावर वरून सोडलेलं पाणी जाणार कुठे? इथेच वर येतं. पावसात कुणी पाणी सोडलं होतं का?"

तिचा हात बादलीवरच राहिला. सकाळी जिन्यातून सासऱ्यांनी हाक मारून सांगितलं होतं, झडप मिटलीय, पाणी सोडू नकोस. म्हाताऱ्याची किरकिर, असं म्हणत तिने मशीन लावलं, आंघोळ उरकली, दोनदा फ्लश ओढला.

"खालचा नळ मीच चालू ठेवला असेल," सासरे मान वर न करता म्हणाले. "वय झालं."

ती वर गेली. मशीनमधले कपडे तसेच होते, स्वच्छ, फुलांच्या वासाचे. त्या वासासरशी बेसिनवर ओणवी होऊन ती ओकली. नळाकडे गेलेला हात मात्र तिने मागे घेतला.

दारात नवरा उभा होता. बाबांचे कपडे धुवून झाले असतील तर दे, बॅग भरतोय, म्हणाला.

"भरू नका," तिने तोंड पुसलं. "खाली साचलंय ते माझं आहे."