लिंबाच्या पुढचा खांब

दिपालीनं फाटकाचा आडवा झालेला खांब ओलांडला आणि गाडीच्या चेपलेल्या बंपरचा फोटो काढला. ती ह्याच कंग्राळी गावची, विम्याची कामं करणारी. भावकूआप्पा दोनदा म्हणाले, "च्या ठेवतो." पण पुढं मच्छे गावाला पोचायचंय म्हणत तिनं डोक्यावरचं हेल्मेटसुद्धा काढलं नाही.

"आप्पा, ह्यातलं काय मिळणार न्हाय. तुमच्या सौरवनं नुसती थर्ड पार्टी काढलीया. तुमच्या गाडीनं दुसऱ्याचं नुकसान केलं, तर कंपनी देती. हितं गाडी तुमची आन् खांबबी तुमचाच."

"शेजारच्या मष्णूचा खांब असता तर?"

"तर मष्णूकाकास्नी मिळालं असतं. तुमच्या बंपरला तरीबी न्हाय."

आप्पा हसले. स्वतःच्याच घरावर चालून जाणाऱ्याला कोण भरपाई देणार!

खरं तर आप्पांचं गाडी चालवणं वर्षातून एकदाच. खंडेनवमीला पूजा झाली की चाकाखाली लिंबू ठेवायचं, गाडी वीतभर पुढं घेऊन ते फोडायचं, बास. पोरगा सौरव जर्मनीला जाताना तेवढंच शिकवून गेला होता. बायको नागुबाई पुढं उभी राहून ओरडायची, "बास बास, थांबवा!" गेल्या साली ती गेली, म्हणून सण केलाच नाही. यंदा लिंबू फुटलं, गाडी पुढं सरकली, आणि आप्पा येड्यासारखे तिच्या ओरडण्याची वाट बघत बसले. ती हाक आली नाही, खांब तेवढा आला.

"औंदा फुल विमा घ्या," दिपाली म्हणाली. "आपल्या गाडीचं नुकसान, चोरी, आग, पूर, समदं येतंय त्यात. आधी झालेलं मात्र धरत न्हाईत."

"सौरव म्हणतोय, इकून टाका."

"मग?"

"इकली तर त्यो आल्यावर बसंल कशात?"

सौरव चार दिवाळ्यांत आला नव्हता. हे दिपालीलाही ठाऊक होतं. गाडी गेली की त्याच्या येण्याचं निमित्तही दारातून जाईल, ही आप्पांची धास्ती. ते बंपरवरची धूळ उगाच धोतराच्या सोग्यानं पुसत राहिले.

दिपाली घाईनं पुढं सांगू लागली, "त्यात आणि एक जोडून मिळतंय. गाडी बंद पडली की नंबर फिरवायचा, माणूस येतोय."

आप्पांचा हात थांबला.

"दारात बंद पडली तरी?"

"तरीबी. बॅटरी उतरली, पंक्चर झालं, कायबी."

"त्ये लाव."

"आप्पा, तुमी गाडी घिऊन जाताय कुठं? तुमास्नी काय उपेग त्याचा?"

"माणूस येतोय म्हणालीस न्हवं?"

दिपालीनं मोबाइल खिशात टाकला, हेल्मेट काढून गाडीच्या टपावर ठेवलं आणि पडलेल्या खांबावरच बसकण मारली.

"च्या ठेवा, आप्पा," ती म्हणाली. "मच्छ्याला जाते मागनं."