काढून ठेवलेला पडदा

मित्रांनो, पडदा म्हटलं की तुम्हाला खिडकी आठवते, नाहीतर नाटक. मी त्यातला नव्हे. मी फोटोवाल्याचा पडदा आहे, आणि चांगलाच जुना आहे. माझ्यासमोर माणसं उभी राहतात, त्यांचे फोटो निघतात आणि त्या फोटोंत त्यांच्या मागे मी असतो. तुम्ही त्या माणसांचे चेहरे बघता. मी मात्र आयुष्यभर त्यांच्या पाठीच बघत आलो. पाठी फार बोलक्या असतात, बरं का!

माझा जन्म देवळीचा. मूळचा मी मांजरपाटाचा एक साधा, कोरा कपडा. दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एका पेंटरनं माझ्यावर बाग काढली, तलाव काढला, कुठेही न जाणारा एक ऐटदार जिना काढला आणि तलावात एक राजहंस काढला. बिचाऱ्यानं राजहंस कधी पाहिला नव्हता. बगळे मात्र शेतात रोज पाहिले होते. त्यामुळे माझ्या हंसाची मान नको तितकी लांब झाली. फोटोग्राफर नत्थूजी मला न्यायला आले तेव्हा बराच वेळ बघतच राहिले.

"हा हंस हाय का बगळा?" त्यांनी विचारलं.

"फोटोत कोणाले समजते, भाऊ?" पेंटर म्हणाला.

नत्थूजी पोट धरून हसले आणि मला घरी घेऊन आले. त्या हसण्यामुळेच मला ते आवडले.

देवळीत त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. गिरडला टेकडीखाली जत्रा भरली की मला बांबूवर गुंडाळून एसटीच्या टपावर चढवायचे. तिथं माझ्यासमोर माणसांची रीघ लागे. नत्थूजींकडे गिऱ्हाइकांसाठी एक काळा कोट होता. तो सगळ्यांना एकच, आणि बहुतेकांना ढगळ. मग पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावून तो अंगाबरोबर बसवायचा. समोरून साहेब आणि मागून दोरीवरचं धुणं! साहेबाचा रुबाब फोटोत येई. चिमटे फक्त मला दिसत. तयारी झाली की नत्थूजी हात वर करून ओरडत, "हालू नोका!"

अशाच एका जत्रेत जंगू आणि बायजा आले. गोंडांच्या वस्तीवरचं, नुकतंच लग्न झालेलं जोडपं. जंगूनं तो कोट घातला. बायजानं डोक्यावरचा पदर तीनतीनदा सारखा केला. दोघंही इतकी ताठ उभी राहिली की जणू त्यांना कोणी शिक्षाच केली होती. खांद्याला खांदा लागला होता तेवढंच. पण नत्थूजी "हालू नोका" म्हणाले आणि नेमका तेव्हाच जंगूचा हात हळूच मागे गेला. त्यानं चाचपत बायजाचा हात शोधला आणि घट्ट धरला. फोटोत दोन घाबरलेले चेहरे आले. ते हात मी एकट्यानंच पाहिले.

असे खूप दिवस सुखाचे गेले. मग घरोघरी मोबाइल आले आणि ज्याचा तो फोटो काढू लागला. स्टुडिओत धूळ बसू लागली. शेवटी नत्थूजींनी तो बंद केला, बिऱ्हाड वर्ध्याला सिंदी मेघेत हलवलं आणि मी माळ्यावर गेलो. काही वर्षांनी नत्थूजीही गेले. आपलं आता कोणी नाही, असं मला वाटलं. खोटं कशाला सांगू, फार वाईट वाटलं.

पण त्यांची मुलगी नंदिनी हिनं कॅमेरा हातात घेतला. तिचा स्टुडिओ नाही, पाटीही नाही. एक बॅग, एक स्कूटी आणि सतत वाजणारा फोन. लग्न, साक्षगंध, बारसं, शाळेचं गॅदरिंग, जिथं बोलावतील तिथं ती जाते. ओट्यावर चढून, मांडवाच्या खांबाआडून ती असे फोटो काढते की माणसाला पत्ताही लागत नाही. वडील म्हणायचे "हालू नोका", आणि लेक म्हणते, "मी इथं नाईच असं समजा." तिचं बोलणं मी माळ्यावरून ऐकत असे. ठरवून बसवलेले फोटोही ती काढते, पण त्यासाठी तिच्याकडे पांढरा, घडीचा पडदा आहे. नवा आहे, हलका आहे. त्याच्यावर हंस नाही, हे मात्र मी सांगून ठेवतो.

माझ्यावरून मायलेकींची नेहमी कुरबुर चाले. नंदिनीची आई कोकिळाबाई म्हणत, "त्या पडद्यात उंदीर व्यातीन एक दिवस. टाक काढून." नंदिनी म्हणे, "राहू दे नं, आई. बाबाचा हाय."

आणि मग या उन्हाळ्यात एक गंमत झाली. तेव्हा ती गंमत नव्हती, माझ्या जिवावर बेतली होती. यातला पहिला भाग मला मागाहून, मायलेकींच्या भांडणातून कळला.

गिरडजवळच्या एका वस्तीवर स्वीटी नावाच्या मुलीच्या हळदीचे फोटो काढायला नंदिनी गेली होती. भिंतीवर एक जुना, डागाळलेला फोटो लटकत होता. ती बघते तर काय, मागे लांब मानेचा हंस! समोर कोटातला जंगू आणि पदर सावरलेली बायजा.

"आजी, हा तं आमचा पडदा होय!" ती ओरडलीच.

बायजा स्वीटीची आजी. जंगू तर कधीचाच वारला होता, आणि त्याचा तेवढा एकच फोटो घरात होता. म्हातारीनं नंदिनीचं मनगट धरलं.

"हाय का तो अजून? मंग उद्या आनजो, पोरी. माह्या नातनीचा फोटो त्याच्यापुढंच काढजो. दुपारी ते सासरी जाते. मंग मले कोन दाखवते तो पडदा?"

"आनतो, आजी. शब्द देल्ला," नंदिनी म्हणाली.

तिनं लगेच घरी फोन लावला. मागे बँड वाजत होता. "आई, माळ्यावरचा पडदा काढून..." एवढंच कोकिळाबाईंना ऐकू आलं. पुढचा "ठेवजो" बँडवाल्यांनी खाऊन टाकला.

मित्रांनो, आपल्या भाषेतला हा "काढणे" शब्द मोठा लबाड आहे. चित्र काढतात, फोटो काढतात, माळ्यावरची वस्तू वापरायला काढतात आणि घरातली अडगळही काढतात. शब्द एकच, फक्त पुढं काय लागतं ते बघायचं. कोकिळाबाईंनी त्यांना हवं तेच पुढं लावलं. लेकीनं एकदाचं ऐकलं म्हणून त्या स्टुलावर चढल्या आणि त्यांनी मला खाली ओढलं.

खाली आणल्यावर मात्र त्या मला मांडीवर घेऊन कितीतरी वेळ बसल्या. हंसाच्या मानेवरून त्यांनी हात फिरवला. मग डोळे पुसले आणि मला शेजारच्या रीताकाकूंना देऊन टाकलं.

रीताकाकूंना मोठ्या कपड्याची गरजच होती. त्यांनी मला गच्चीवर पालथा अंथरला आणि माझ्या कोऱ्या पाठीवर मूगवड्या घातल्या. जन्मभर मी लोकांच्या पाठी पाहिल्या, आणि माझ्या पाठीवर ही वेळ! तापलेल्या गच्चीवर तोंड खाली, वरून ओलं वाटण. तुम्हाला हसू येत असेल. मला रडू येत होतं, पण रंगवलेल्या कापडाला ती सोय नसते.

संध्याकाळी नंदिनी घरी आली ती थेट माळ्याकडे.

"आई, पडदा कुठी हाय?"

"काढला नं. तूच तं सांगतलं."

"म्या काढून ठेव म्हटलं होतं! टाकला का तू?"

"टाकवला नाई माह्याच्यानं," कोकिळाबाई म्हणाल्या. "तुह्या बापाचा होता. म्हून रीताले देल्ला, वड्या घालाले."

दोघी धावत गच्चीवर आल्या. रीताकाकू माझ्याजवळच राखण करत बसल्या होत्या. सगळं ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"वल्ल्या हाय वो अजून! आता उचलल्या तं लगदा होते. उद्या सांजपर्यंत राहू दे."

"काकू, उद्या सांजच्याले नवरी सासरी गेली राहते. म्या त्या आजीले शब्द देल्ला."

रीताकाकूंनी पसरलेल्या वड्यांवरून नजर फिरवली. वर्षभराच्या वड्या होत्या त्या. मग त्या उठल्या, खाली गेल्या आणि एक जुनं लुगडं व तीन उलथणी घेऊन आल्या.

"पाहून काय राह्यल्या? बसा खाली. आनि माही वडी मोडली तं पाहा!"

तिघींनी एकेक वडी अलगद उचलून लुगड्यावर ठेवली. काकूंचं तोंडही चालू होतं आणि हातही. शेवटी मला उलटवलं तेव्हा कोकिळाबाई हळहळल्या. जिथं माझा रंग उडाला होता, तिथून मुगाचं पाणी झिरपून पुढे आलं होतं. तलावभर पिवळे ठिपके पडले होते.

"असाच नेतो," नंदिनी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी लग्न लागलं आणि पाठवणीच्या आधी तिनं मला मांडवाच्या दोन खांबांना बांधलं. बायजा काठी टेकत जवळ आली. आधी तिनं हंस पाहिला, मग जिना, मग ते ठिपके.

"तवा हे फुलं नोयते," ती म्हणाली. "आता फुलला तलाव."

मग ती स्वतःच हुकूम सोडू लागली. स्वीटीला इकडे उभं केलं, नवरदेव दुर्गेशला तिकडे. पाहुणे गोळा झाले. नंदिनीनं कॅमेरा डोळ्याला लावला, तोच बायजानं विचारलं, "काय जी जवाई, धरला का हात मांगून?"

दुर्गेश गोरामोरा झाला. त्यानं खरोखरच धरला होता! मांडवभर हशा पिकला, स्वीटीनं लाजून तोंड ओंजळीत लपवलं, आणि तो हसरा फोटो नंदिनीनं टिपला.

"तुमाले कसं समजलं, आजी?" तिनं विचारलं.

"यायच्या आज्यानं माहा धरला होता, इथंच. फोटोत नाई आला तो."

नंदिनीनं कॅमेरा खाली घेतला. मग म्हणाली, "आजी, आता तुमी उभ्या राहा. तुमच्या जागी."

बायजा उभी राहिली. डावीकडची जागा तिनं मोकळी सोडली. पदर सारखा केला, मान ताठ केली, अगदी तेव्हासारखी. आणि तिचा हात, बहुधा तिच्याही नकळत, मागे गेला. तिथं धरायला कोणी नव्हतं. तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली, मी फुगलो आणि माझी एक चुणी तिच्या बोटांत गेली. तिनं ती घट्ट धरली.

नंदिनी समोर नव्हती. मांडवाचा खांब ओलांडून, ती इथं नाहीच अशा पावलांनी, ती बाजूनं मागे आली होती. कॅमेऱ्याचा बारीक आवाज झाला. मित्रांनो, जन्मात पहिल्यांदा माझ्या बाजूनं फोटो निघाला.

आता बायजाच्या भिंतीवर दोन फोटो आहेत. एकात दोघांचे चेहरे, आणि त्याच्या शेजारी तो हात. मी सध्या माळ्यावर नाही. नंदिनी मला स्कूटीला बांधून गावोगाव नेते, आणि लोक म्हणतात, "त्या बगळ्यापुढं काढा नं आमचा." मी आता रागावत नाही.

एकच मागणं आहे. तुमच्याही घरी माझ्यासारखं काही जुनं असेल. ते खुशाल काढा, नाहीतर आम्हाला उजेड कसा दिसणार? पण काढण्याआधी घरात एकदा मोठ्यानं विचारा, काढून ठेवायचं की काढून टाकायचं. आणि उत्तर नीट ऐकू येईपर्यंत बँड जरा थांबवा.